मुंज्याने खून केला, हे चालेल का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांचे सरळ दोन गठ्ठे झाले. एका गठ्ठ्यात लिहिणारे आहेत: फँटसीत रहस्य, भय, इतिहास किंवा प्रेम मिसळायला गेले आणि कुठेतरी बिनसलं. दुसऱ्यात आवडत्या पुस्तकांचे चाहते आहेत. त्यांना आपल्या लाडक्या पात्रांना घेऊन काहीतरी करायचंय. उत्तरं नेहमीसारखी आम्ही दोघांनी मिळून दिली आहेत. जिथे आमचं पटलं नाही, तिथे तसं लिहिलंय.

प्रश्न (पुणे): माझ्या कथेत जुन्या वाड्यात खून होतो. वाड्यामागच्या पिंपळावर मुंजा आहे. शेवटी खून त्यानेच केल्याचं उघड होतं. ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणाले, ‘ही फसवणूक झाली.’ रहस्यकथेत अद्भुत आणूच नये का?

खुशाल आणा. पण वाचणाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला दुसराच नियम अतींद्रिय शक्तींना दाराबाहेर ठेवतो. तिसरा म्हणतो, गुप्त खोली फार तर एकच. दोन्हींमागचं कारण एक: वाचक लेखकाबरोबर डोकं लढवत असतो आणि लेखकाने ऐनवेळी खिशातून नवी वस्तू काढली की खेळ संपतो. पुढे हीच अडचण विज्ञानकथेला आली. जॉन कॅम्पबेल या नामांकित संपादकाचं मत होतं की विज्ञान-रहस्यकथा जमणारच नाही, कारण गुप्तहेर केव्हाही एखादं नवं यंत्र पुढे करून मोकळा होईल. आयझॅक अॅसिमॉव्हने ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) लिहून त्यावर उत्तर दिलं. भविष्यातल्या त्या जगाचे नियम आधी वाचकापुढे ठेवायचे आणि उकल त्याच नियमांतून काढायची, एवढीच त्याची युक्ती.

तुमच्या मुंज्याला हेच लावू. नियम एक वाक्याचा ठेवा: मुंजा पिंपळाची सावली सोडून जाऊ शकत नाही. हा नियम दोनदा दिसला पाहिजे. पहिल्यांदा अगदी घरगुती कामात. मार्गशीर्षातली दुपार आहे, आजी खिडकीखालची बाज सावली यायच्या आत उचलून नेते, कुणी काही बोलत नाही. दुसऱ्यांदा नियम अडवताना दिसावा: मुंजा कुणाचा तरी पाठलाग करतो आणि सावलीच्या कडेशी थबकतो. पाच हजार शब्दांच्या कथेत पहिला प्रसंग हजार शब्दांच्या आत आणि दुसरा दोन हजारांच्या आत यावा. त्याहून उशीर झाला की वाचकाला तो पुरावा वाटत नाही, सारवासारव वाटते.

आता सावलीचं गणित बसवा, कारण रहस्य तिथेच आहे. पिंपळ ५० फूट उंच धरा आणि ज्या खोलीत खून होतो तिची खिडकी झाडापासून ८० फुटांवर, ईशान्येला. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की ५० फुटी झाडाची सावली साधारण ८७ फूट पडते. पुण्यात डिसेंबरच्या मध्याला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य बरोबर तेवढ्या उंचीवर आणि नैऋत्येला असतो. म्हणजे सावली ईशान्येला, थेट खिडकीत. उलट जूनमध्ये पुण्यात सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेकडून जातो. दुपारनंतर तो नैऋत्येला येतच नाही, त्यामुळे सावली त्या खिडकीकडे फिरकत नाही. तेव्हा खून ज्येष्ठात घडवा. तपास करणारा हेच गणित मांडेल आणि मुंज्याला सोडून देईल. वाचकही सोडून देईल.

पण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उलट चालतो. उन्हाळ्यातली पौर्णिमा आकाशात हिवाळ्यातल्या सूर्याच्या वाटेने, दक्षिणेकडून जाते. ज्येष्ठ पौर्णिमेला पहाटे साडेतीनच्या आसपास चंद्र जवळजवळ त्याच जागी असतो, जिथे मार्गशीर्षात दुपारी साडेतीनला सूर्य होता. सावली पुन्हा खिडकीत. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा, त्यामुळे तिथी कथेत सहज सांगता येते आणि कुणाला संशय येत नाही. आदल्या एखाद्या पानावर चांदण्यात फरशीवर हलणारी पानांची सावली दाखवली की पुरावा पुरा झाला.

इथे कथा फसायच्या तीन जागा आहेत. पहिली म्हणजे ढग. जून आहे, त्या रात्री आकाश मोकळं होतं हे आधी आणि दुसऱ्या कुठल्या तरी निमित्ताने सांगावं लागेल. दुसरी म्हणजे अंगणातला दिवा. तो चालू असेल तर त्याने पिंपळाची वेगळीच सावली पडेल आणि मुंज्याला तिकडेही वाट मिळेल. एकतर वीज गेलेली दाखवा, नाहीतर दिवा काढून टाका. तिसरी जागा हेतूची, आणि तिथे आमचं एकमत नाही. एकाचं म्हणणं, नियम पक्का असेल तर हेतू थोडका चालतो. दुसरीला हे मान्य नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. त्याचा राग, हट्ट, भीती सगळं आठ-दहा वर्षांच्या पोराचं असलं पाहिजे. खून त्या वयाच्या कारणाने झाला तरच तो मुंज्याचा, नाहीतर मुंज्याच्या जागी कुणीही चालला असता. आमच्या मते तुमच्या कथेत प्रत्यक्षात हीच उणीव असावी.

प्रश्न (नागपूर): धरणाखाली बुडालेलं गाव आणि भूकंपमापकावर येणारे विचित्र ठोके, अशी माझी कथा आहे. एका संपादकांनी ‘विज्ञानकथा म्हणून कच्ची’ म्हणून परत केली, दुसऱ्यांनी ‘भयकथा म्हणून कोरडी’ म्हणून. कुणाचं ऐकू?

दोघांचंही. विज्ञानकथा आणि भयकथा माहितीच्या बाबतीत उलट्या दिशेने चालतात. विज्ञानकथेत पानागणिक कळत जातं. भयकथेत कळलेलं निसटत जातं. पहिल्या निम्म्या कथेत दोन्ही एकाच प्रसंगावर पोसता येतात: यंत्र ठोके नोंदवतं, माणसं तर्क करतात, रात्री झोप लागत नाही. मध्यावर मात्र ठरवावं लागतं की शेवटच्या पानावर वाचकाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. ‘हे काय आहे?’ याचं उत्तर देणार असाल तर कथा विज्ञानाची. ‘यातून सुटका आहे का?’ याचं देणार असाल तर भयाची. जो प्रकार शेवट करतो तो घरधनी. दुसऱ्याने पाहुण्यासारखं राहावं.

तुमच्या विषयाला महाराष्ट्रात पक्का आधार आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून त्याचा जगभर अभ्यास होतो. पाण्याचं वजन आणि भेगांतून खोल झिरपणारं पाणी यांनी आधीच ताणावर असलेला खडक सरकतो, असं त्याचं स्पष्टीकरण.

विज्ञानकथा करायची तर ठोक्यांचा मेळ कशाशी तरी घाला. उदाहरणार्थ, पावसाळ्यात जलाशय भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो, त्या चढउताराशी. नायिकेने भाकीत करावं, ते एकदा चुकावं, चुकीचं कारण सापडावं, दुसऱ्यांदा बरोबर यावं. चुकलेलं भाकीत नसेल तर विज्ञान हे नुसतं नेपथ्य राहतं, आणि पहिल्या संपादकांना बहुधा तेच खटकलं. भयकथा करायची तर यंत्र अचूकच ठेवा. बिघडलेलं यंत्र भीती घालवतं, कारण वाचकाला पळवाट मिळते. यंत्र बरोबर, भाकीत बरोबर, आणि तरी ठोक्यांची पुढची जागा नायिकेच्या घराच्या जवळ सरकलेली.

एक विनंती. त्या भूकंपात माणसं गेली आहेत आणि विस्थापितांची घरं आजही आहेत. धरण खरं घेतलंत तरी बुडालेलं गाव कल्पित ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): देवगिरीच्या यादवांच्या काळातली फँटसी कादंबरी लिहितोय. एका वाचकाने लाल मिरचीचा ठेचा पाहून हरकत घेतली. जिथे उडते हत्ती चालतात तिथे मिरची का चालू नये?

राज्याचं नाव कल्पित असतं तर मिरचीच काय, बटाटेवडाही चालला असता. तुम्ही देवगिरी म्हटलंत, म्हणजे अल्लाउद्दीनची १२९६ ची स्वारी जिथे झाली ती जागा आणि तो काळ तुम्ही वाचकाकडून उसना घेतलात. त्याच्या मनात मग हिशेब सुरू होतो: हत्ती उडतो ती लेखकाची जादू, मिरची आहे ते लेखकाचं अज्ञान. वाचक तुमच्या एका मोठ्या थापेवर विश्वास ठेवायला तयार असतो, तेव्हा बारक्यासारक्या गोष्टी खऱ्या ठेवाव्यात.

मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिच्या जोडीला अमेरिकेतून आलेले बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, पेरू, पपई, अननस आणि तंबाखू हेही तुमच्या कादंबरीतून बाद. म्हणजे शेंगदाण्याचं कूट गेलं, उपासाची साबुदाण्याची खिचडीही गेली. तिखटाला मिरे, पिंपळी, सुंठ, मोहरी आहेत. ज्वारी, तांदूळ, तूर, मूग, हरभरा, तीळ, ऊस, आंबा, फणस, केळी, नारळ, चिंच आहेत. उपाशी कुणी मरणार नाही.

काळ मोजताना ‘मिनिट’, ‘तास’ टाळा. दिवसरात्र मिळून ६० घटका, म्हणजे घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. प्रहर तीन तासांचा, साडेसात घटकांचा. तुमच्या मांत्रिकाचा मंत्र ‘एक घटका’ टिकतो असं असेल तर तेवढ्यात माणूस पायी दोन किलोमीटर जाईल, फार नाही. घटिकापात्राचा उपयोग करा: तळाला भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली. मंत्राची मुदत अशी डोळ्यांसमोर बुडताना दिसली की ‘वेळ संपत आली होती’ हे लिहावंच लागत नाही. कुणी भोकात मेण घातलं तर काय होईल, हा पुढचा प्रसंग तुम्हाला फुकट मिळतो.

नावांसाठी महानुभाव पंथाचं ‘लीळाचरित्र’ उघडा. तेराव्या शतकातली खरी माणसं त्यात वावरतात: म्हाइंभट, नागदेव, बाइसा, आउसा, महदाइसा. त्या चालीवर नवी नावं बनवता येतात. पुरुषांना भट, देव आणि बायकांना आइसा जोडून पाहा. हल्लीच्या फँटसीत ‘अग्निवीर्य’, ‘तमसेंद्र’ असल्या भरजरी नावांची रांग लागलेली असते. पाचव्या पानावर कोण कुठला ते आठवत नाही. एक साधी पडताळणी: मुख्य पाच पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू व्हावीत आणि आईने परसातून हाक मारता येईल इतकी तरी छोटी असावीत.

राहिली भाषा. हुकूम, शिपाई, किल्ला, दरवाजा, कागद, बाग, जमीन हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. निवेदनात ते आले तर कुणी अडवणार नाही, पण यादवकालीन माणसाच्या तोंडी आज्ञा, पाईक, दुर्ग, दार असं असावं. म्हणून सगळे संवाद महानुभावी मराठीत लिहू नका, तीन पानांत वाचक पळेल. वाक्यरचना आजची, फक्त शब्द गाळून घेतलेले, एवढं पुरतं. शिवकाळावर लिहिणाऱ्यांना तर ‘राज्यव्यवहारकोश’ हाताशी आहे. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच तो रचला गेला. पण शिवकाळातली माणसं फारसी शब्द सर्रास वापरत होती, तेव्हा तिथे सगळं संस्कृत करणं उलटं खोटं दिसेल.

प्रश्न (ठाणे): फास्टर फेणे जादूच्या शाळेत जातो, अशी क्रॉसओव्हर (दोन पुस्तकांची जगं जोडणारी) फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्याने लिहिलेली कथा, लिहून झाली आहे. छापू का? निदान ऑनलाइन टाकू का?

छापायची तर परवानगीशिवाय नको. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) लेखकाच्या हयातीनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं साहित्य २०६१ अखेरपर्यंत वारसांच्या किंवा हक्कधारकांच्या ताब्यात. ‘पैसे घेत नाही म्हणजे चालतं’ हा समज सगळीकडे पसरलाय, पण कायद्यात अशी सरसकट सूट नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे, लेखकाच्या लौकिकाला बाध येईल असा बदल झाला तर त्यावर हरकत घेता येते, वारसांनाही. बन्याला, म्हणजे फास्टर फेणेला, व्यसनी खलनायक करणारी फॅनफिक्शन म्हणूनच जास्त धोक्याची.

परवानगी मागताना पत्र एका पानाचं ठेवा: कोणती पात्रं, किती शब्द, कुठे प्रसिद्ध करणार, मोफत की विकत, छापील असेल तर किती प्रती. उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘हो, हो, करा’ नंतर कुणाला आठवत नाही. आणि तुमच्या कथेतली जादूची शाळा एखाद्या गाजलेल्या मालिकेतली असेल तर परवानग्या दोन लागतील, त्यातली परदेशी मिळणं जवळपास अशक्य.

ऑनलाइनचं थोडं वेगळं आहे. चाहत्यांच्या लिखाणासाठी ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही ना-नफा तत्त्वावरची मोठी जागा २००९ पासून खुली आहे. २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे पैशांशी संबंध जोडायला मनाई आहे: ‘आवडलं तर इतके रुपये पाठवा’ असा क्यूआर कोड कथेखाली टाकलात तर तो नियमभंग. हक्कधारकांनी आक्षेप घेतला तर कथा काढायची तयारी ठेवून टाका. टॅग नीट लावा. दोन्ही पुस्तकांची नावं, दोघांतलं कुठलं जग मुख्य, हिंसा किंवा मृत्यू असेल तर तसा इशारा. क्रॉसओव्हरवर राग येतो तो बहुतेकदा टॅग चुकल्यामुळे: एका पुस्तकाचा चाहता येतो आणि त्याला दुसऱ्याच जगात नेऊन सोडलं जातं.

मोकळेपणाने पात्रं उसनी घ्यायची असतील तर जुन्यांकडे वळा. आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्ये गेला. भारतात त्याचं लेखन केव्हाच मुक्त झालंय आणि शेरलॉक होम्सच्या अखेरच्या कथांवरचा अमेरिकेतला हक्कही २०२३ च्या सुरुवातीला संपला. मराठीत नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांच्या ‘वीरधवल’ची अद्भुतरम्य दुनिया तुम्हाला मोकळी आहे. सांभाळायचं ते इतकंच: मूळ पुस्तक मुक्त असलं तरी नवा अनुवाद, नवी चित्रं, टीव्हीवरची वेशभूषा आणि त्यांनी घातलेले संवाद हे ज्याचे त्याचे. महाभारत सर्वांचं आहे, पण मालिकेतला शकुनी ज्या लकबीने बोलतो ती लकब नाही.

कथा चांगली उतरली असेल आणि तिला स्वतंत्र करायची असेल, तर नुसती नावं बदलून भागत नाही. पात्रांमधलं नातं बदला. गुरुशिष्य असतील तर बहीणभाऊ करा, शाळा असेल तर एसटीचा डेपो करा. आणि मूळ पुस्तक वाचलेलं असल्याशिवाय जी ओळ कळत नाही ती प्रत्येक ओळ काढा. एवढं करून कथा उभी राहिली तर ती तुमची.

प्रश्न (रत्नागिरी, नववीतली वाचक): मी आवडत्या मालिकेवर फॅनफिक्शन लिहिते. बाई म्हणतात, ‘स्वतःचं लिही, ही नक्कल आहे.’ यात वेळ वाया जातो का?

अजिबात नाही, लिहीत राहा. फॅनफिक्शनमध्ये जग आणि माणसं तयार मिळतात, त्यामुळे तुला फक्त प्रसंग आणि संवाद यांवर हात बसवता येतो. पण सराव म्हणून करायचा तर नीट कर. दोन पात्रांचा पानभर संवाद लिही, ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ काहीही न घालता. मग मैत्रिणीला वाचायला दे. कोण कधी बोलतंय हे तिला ओळखता आलं तर जमलं. नाही आलं तर सगळे तुझ्यासारखेच बोलतायत.

आणखी एक सापळा सांगतो. नवी मुलगी शाळेत येते, सगळ्यांपेक्षा हुशार, सगळ्यांना आवडते, जादू पहिल्या दिवशी जमते. अशा पात्राला चाहते ‘मेरी स्यू’ म्हणतात. १९७३ मध्ये एका अमेरिकी फॅन-नियतकालिकातल्या विडंबनकथेत हे नाव आलं आणि चिकटलं. असं पात्र लिहिलं म्हणून लाजू नकोस, सगळे लिहितात. तिला एक गोष्ट अशी दे की जी तिला येत नाही आणि जिच्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होतं. कथा तिथून सुरू होईल.

नाव-पत्ता, शाळेचं नाव मात्र ऑनलाइन कुठेही टाकू नकोस. आणि कुठे खातं उघडण्याआधी तिथली वयाची अट घरच्यांबरोबर बसून वाच.

प्रश्न (न्यू जर्सी): मराठी फँटसीत ड्रॅगन उपरा वाटतो का?

उपरा म्हणून आणलात तर छान वाटेल: गलबतातून दाभोळच्या बंदरात उतरलेला, कुणाला नाव माहीत नसलेला प्राणी. इथलाच म्हणून खपवायचा असेल तर त्याआधी किल्ल्यांचे दरवाजे बघा. शरभ तिथे कोरलेला असतो, सिंहासारखा, कधी पंख असलेला, पंजाखाली आणि शेपटीत चिमुकले हत्ती धरलेला. दोन तोंडांचं गंडभेरुंडही असतं. लोककथांत पाण्याकाठच्या आसरा (जलदेवता) आहेत, वाट चुकवून त्याच जागी गोल फिरवणारा चकवा आहे, कोकण-गोव्यात राखण करणारा देवचार आहे. यांतल्या काहींची रोजची पूजा चालू आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक आजही केळीचे घड आणि भल्या थोरल्या चामडी वहाणा वाहतात. अशा देवाला कथेत मारामारीला उतरवू नका. त्याच्या वहाणा एका सकाळी झिजलेल्या दिसल्या, इतकं पुरतं.

प्रश्न (कोल्हापूर): प्रेमकथा आणि फँटसी असं लिहितेय. मैत्रीण म्हणते, जादू काढली तरी गोष्ट तशीच राहते.

मैत्रिणीला धरून ठेवा. प्रेमकथेत दोघांना अडवणारं काहीतरी लागतं: जात, पैसा, घर, अंतर. तुमच्याकडे अडथळा घरच्यांचा आहे आणि जादू बाजूला शोभेला, असं दिसतं. अडथळाच जादूचा करा, आणि जादूला किंमत लावा जी दोघांपैकी एकालाच मोजावी लागते. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी फँटसी लेखकाने २००७ मध्ये मांडलेला नियम इथे कामाचा आहे: वाचकाला जादू जितकी कळली असेल तितकीच लेखकाने तिच्यावर अडचण सोडवावी. न कळलेल्या जादूने अडचण निर्माण करायला मात्र काहीच हरकत नाही. म्हणजे शाप गूढ चालेल, उःशाप नाही.

प्रश्न (डोंबिवली): आमच्या वाचनगटात एका लांबलचक फँटसी मालिकेचे चाहते आहेत. काही दुसऱ्या खंडावर, काही सगळं संपवलेले. रोज कुणीतरी पुढचं फोडतं आणि भांडण होतं. गट मोडायच्या बेतात आहे.

एकाच ग्रुपवर हे निभणार नाही. खंडागणिक वेगळा ग्रुप करा आणि पुढच्या ग्रुपमध्ये मागितल्याशिवाय कुणाला घेऊ नका. टेलिग्रामवर असाल तर मजकूर झाकायची सोय आहे, टिचकी मारल्यावरच दिसतो. ती नसेल तर संदेशाची पहिली ओळ फक्त ‘खंड ३, प्रकरण १२’ एवढीच, मग पाच-सहा कोऱ्या ओळी. चित्रं आणि मीम यांना हाच नियम, कारण फुटतं ते बहुतेक तिथूनच.

सगळ्यात त्रासाची असतात ती वाचून झालेली मंडळी. ती काही सांगत नाहीत, नुसतं ‘थांब, कळेल तुला’ म्हणतात आणि एक स्मायली टाकतात. त्यावरूनही कोण मरणार हे कळतं. त्यांना काम द्या: नकाशे, वंशावळी, कुठल्या प्रकरणात कोण पहिल्यांदा आलं याची यादी. यादी खंडवार करायला सांगा आणि फायलीच्या नावात पात्राचं नाव घालू देऊ नका.